म्हाताऱ्या शरीराला काय आठवतं? मानमोडी, कोरोना आणि नागीण

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या नव्वदीला टेकलेल्या आजोबांना त्यांचं वय विचारून बघा. आकडा क्वचितच मिळेल. "रझाकाराच्या टायमाला मी गुरांमागं जात होतो," असं काहीतरी उत्तर येईल. आजी असतील तर त्या सांगतील, "बहात्तरच्या दुष्काळात माझं धाकटं पाळण्यात होतं." जन्मतारखेचा कागद नसला तरी हिशोब पक्का असतो. फक्त तो वर्षांत मांडलेला नसतो, घटनांत मांडलेला असतो.

आपली प्रतिकारशक्तीही वयाचा हिशोब बराचसा असाच ठेवते. कोणता जंतू कधी भेटला, कितव्या वर्षी भेटला, त्या वेळी पोटात अन्न होतं की नव्हतं, याच्या नोंदी शरीरात राहतात आणि साठ-सत्तर वर्षांनी उपयोगी पडतात, किंवा आडव्या येतात. वय वाढताना प्रतिकारशक्ती कशी बदलते, हा माझ्या पीएचडीचा विषय. आज मात्र प्रयोगशाळेतलं काही सांगणार नाही. आज इतिहास सांगतो, कारण या विषयातले काही सगळ्यात मोठे प्रयोग साथींनीच करून ठेवले आहेत, कुणाचीही परवानगी न घेता.

"म्हातारपणी प्रतिकारशक्ती कमी होते" हे वाक्य आपण सगळेच बोलतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं नीट समजून घेतलं तर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आपण काही वेगळे निर्णय घेऊ. म्हणून हा लेख.

मानमोडीचं कोडं

१९१८ साली बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाची पहिली लाट आली. ती तुलनेनं सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी आली, ती भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून साथ देशभर पसरली. मराठी मुलखात लोकांनी तिला नाव दिलं 'मानमोडी'. भारतात या साथीत सुमारे सव्वा ते दोन कोटी माणसं गेली, असे अंदाज आहेत. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत १ कोटी ३३ लाखांवर होती. १९२१ च्या जनगणनेत ती १ कोटी २४ लाखांवर आली. म्हणजे दहा वर्षांत वाढ तर सोडाच, नऊ लाख माणसं कमी झाली. त्याच काळात प्लेग होता, १९१८ चा पाऊसही दगा देऊन गेला होता. पण या घटीत मानमोडीचा वाटा फार मोठा होता.

आता कोडं असं. साधा फ्लू लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना मारतो. मानमोडीनं वीस ते चाळीस वयाची तरणीताठी माणसं नेली. मुंबई इलाख्याच्या नोंदींतही हेच दिसतं आणि जगभरातही. म्हातारी माणसं त्या मानानं वाचली. कर्ता मुलगा आणि सून गेली, सासू राहिली, नातवंडं तिच्या पदरात पडली, अशी घरं त्या साली गावोगाव होती.

प्रतिकारशक्ती जर वयाबरोबर सरळ उतरत जाते, तर असं कसं झालं? तरुणांची प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा जास्त भडकली आणि तिनंच फुप्फुसांची नासधूस केली, हे एक कारण सांगितलं जातं. दुसरं कारण आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात या विषाणूचा कुणीतरी भाऊबंद फिरून गेला असावा, असं अनेक संशोधक मानतात. म्हाताऱ्यांच्या शरीराला तो लहानपणी भेटला होता. तरुण त्यानंतर जन्मले, त्यांना तो भेटलाच नव्हता.

पासष्ट वर्षं जुनी ओळख

लहानपणीची ओळख इतकी वर्षं टिकते का? याचं उत्तर मानमोडीच्या बहात्तर वर्षं आधीच मिळालं होतं, तेही पार उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर. १८४६ साली तिथे गोवराची साथ आली. बेटांची लोकसंख्या आठ हजारांच्या आत, आणि त्यातली सहा हजारांवर माणसं आजारी पडली. डेन्मार्क सरकारनं पीटर पानुम नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला पाठवलं. पानुम घरोघर फिरला. या बेटांवर आधीचा गोवर आला होता १७८१ मध्ये. मधली ६५ वर्षं गोवर नव्हताच.

पानुमच्या लक्षात आलं, की १७८१ मध्ये ज्यांना गोवर झाला होता, त्यांतल्या एकाही म्हाताऱ्याला या वेळी तो झाला नाही. त्या वेळी जे सुटले होते, ते म्हातारे मात्र आता पोरांसारखेच आजारी पडले. दोन्ही गटांचं वय सारखं, बेट तेच, खाणंपिणं तेच. फरक एवढाच, की एका गटाची गोवराशी ओळख होती. त्या काळी विषाणू माहीत नव्हते, पेशींचं काम माहीत नव्हतं. पण शरीराची आठवण सहा-साडेसहा दशकं टिकते, हे त्यानं कागदावर उतरवलं.

मानमोडीच्या बाबतीत असाच पुरावा २००८ मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९१५ च्या आधी किंवा त्या वर्षी जन्मलेल्या ३२ जणांचं रक्त तपासलं. त्यांची वयं ९१ ते १०१. सगळ्यांच्या रक्तात १९१८ च्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं सापडली. आठ जणांच्या पेशी खोलात जाऊन तपासल्या, तर सात जणांत ती प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी अजून रक्तात फिरत होत्या. नव्वद वर्षांनी!

मग म्हातारं काय होतं?

इथे थोडं थांबून यंत्रणा समजून घेऊ. प्रतिकारशक्तीच्या दोन फळ्या असतात. पहिली फळी म्हणजे त्वचा, श्लेष्मल पडदे आणि समोर येईल त्या परक्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. ही जलद धावते, पण ओळखपाळख ठेवत नाही. दुसरी फळी बी आणि टी पेशींची. यातल्या प्रत्येक पेशीकडे जणू वेगळ्या खाचांची एक किल्ली असते. या किल्ल्या शरीर आधीच लाखो-कोटी प्रकारांत बनवून ठेवतं, कोणतं कुलूप पुढे येणार हे माहीत नसताना. ज्यांची किल्ली अजून कुठे लागलेली नाही, त्यांना आपण 'कोऱ्या पेशी' म्हणू.

नवा जंतू आला, की त्याला लागणारी किल्ली असलेल्या मोजक्या कोऱ्या पेशी जाग्या होतात आणि एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढू लागतात. पुरेशी फौज उभी राहायला आठ-दहा दिवस लागतात. जंतू हटला की बहुतेक फौज मरून जाते, थोड्या पेशी मागे राहतात. या 'स्मृतिपेशी'. तोच जंतू पुन्हा आला तर त्या लगेच कामाला लागतात.

कोऱ्या टी पेशी तयार होतात थायमस नावाच्या ग्रंथीत. ती छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असते. बिचारीला कित्येक शतकं कुणी विचारत नव्हतं. थायमस म्हणजे निरुपयोगी अवशेष, असंच वैद्यकाच्या पुस्तकांत शिकवलं जायचं. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून पाहिली. त्या उंदरांना संसर्गाशी लढताच येईना. टी पेशींची तालीम इथे चालते, हे तेव्हा उमगलं.

गंमत म्हणजे ही तालीम शरीर फार लवकर आवरायला घेतं. लहानपणी थायमस भरलेली असते, वयात येण्याच्या सुमारास तिची घट ठळक होते, आणि साठी-सत्तरीपर्यंत तिची बरीच जागा चरबीनं घेतलेली असते. आधी बनलेल्या कोऱ्या पेशी स्वतः विभागून काही काळ संख्या राखतात, पण किल्ल्यांचे प्रकार कमी होत जातात.

म्हणजे म्हातारपणी प्रतिकारशक्ती सरसकट उतरत नाही. जुन्या ओळखी पुष्कळशा शाबूत असतात, नवी ओळख करून घेणं अवघड होतं. गावातल्या जुन्या पोलीस पाटलासारखं. पंचक्रोशीतला प्रत्येक जुना चोर त्याला चालीवरून ओळखू येतो. परमुलखातून आलेला नवा मात्र समोरून गेला तरी कळत नाही.

त्यात आणखी एक भानगड. सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा एक विषाणू भारतात बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि जन्मभर अंगात राहतो. सहसा त्रास देत नाही, पण त्याच्यावर पहारा ठेवायला शरीर मोठी फौज अडकवून ठेवतं. ज्यांच्या अंगात तो आहे, त्यांच्या स्मृती टी पेशींपैकी सरासरी दहा टक्के पेशी याच एका कामावर असतात.

दोन साथी, दोन निकाल

ही मांडणी खरी असेल तर तिची परीक्षा कशी घेणार? ओळखीचा विषाणू आला तर म्हातारे वाचले पाहिजेत, पूर्ण अनोळखी आला तर तेच आधी पडले पाहिजेत. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रानं दोन्ही पाहिलं.

२००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला, तो एका १४ वर्षांच्या मुलीचा. या साथीत जगभर लागण जास्त झाली ती मुलांना आणि तरुणांना. कारण या विषाणूचा बाहेरचा एक महत्त्वाचा भाग १९१८ च्या विषाणूशी मिळताजुळता होता. डुकरांमध्ये तो फारसा न बदलता टिकून राहिला होता. माणसांमध्ये १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत फिरत होते. अमेरिकेत साठवलेलं जुनं रक्त तपासलं, तेव्हा १९५० च्या आधी जन्मलेल्यांपैकी ३४ टक्के लोकांत या 'नव्या' विषाणूविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं आधीच होती. १९८० नंतर जन्मलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. आजोबांची जुनी ओळख कामी आली. अर्थात ज्या म्हाताऱ्यांना लागण झालीच, त्यांच्यासाठी आजार गंभीरच होता.

मग आला २०२०. कोरोनाचा हा विषाणू कुणाच्याच ओळखीचा नव्हता. कोऱ्या पेशींचाच कस लागणार होता, आणि म्हाताऱ्यांकडे त्याच कमी होत्या. वय वाढेल तसा मृत्यूचा धोका चढत गेला. अमेरिकेत ला होया इथल्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवलं, की ज्या रुग्णांकडे कोऱ्या टी पेशी कमी होत्या, त्यांच्यात प्रतिकाराच्या वेगवेगळ्या तुकड्यांचा मेळ बसत नव्हता आणि आजार जास्त गंभीर होत होता.

दुसरं कारण म्हणजे धुमसती आग. वय वाढतं तसा शरीरात एक मंद, कायमचा दाह राहू लागतो. इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली या अवस्थेकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं. मधुमेह, लठ्ठपणा, धूर या गोष्टी त्यात तेल ओततात. अशा शरीरात नवा विषाणू शिरला की लढाई उशिरा सुरू होते आणि सुरू झाली की आवरत नाही.

म्हणून १ मार्च २०२१ ला सर्वसामान्यांसाठी लसीकरण सुरू झालं, तेव्हा साठीच्या पुढच्यांना आणि सहव्याधी असलेल्या पंचेचाळिशीच्या पुढच्यांना आधी बोलावलं. "आता या वयात कशाला लस, पोरांना द्या," असं कितीतरी म्हाताऱ्यांनी तेव्हा म्हटलं. त्यात माया होती, पण शरीराचा हिशोब उलटा होता. लस म्हणजे जंतूशी आधीच करून दिलेली ओळख. ज्याला नवी ओळख करायला वेळ लागतो, त्याला ती आधी करून द्यावी लागते.

नागीण: आठवण ढिली पडते तेव्हा

जुनी आठवण टिकते असं वर म्हटलं खरं, पण सगळ्या आठवणी सारख्या टिकत नाहीत. नागिणीचं उदाहरण बघा, प्रत्येक गावात सापडेल.

लहानपणी कांजिण्या झाल्या की पुरळ जातं, विषाणू जात नाही. तो मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. टी पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. पन्नाशी-साठीनंतर पहारा ढिला पडला, की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं कातडीपर्यंत उतरतो. तीच नागीण. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी स्वतःच्या दवाखान्यातल्या १६ वर्षांच्या नोंदी ठेवून १९६५ मध्ये हे मांडलं. गावात बसून, नेटकी वही ठेवून, त्यांनी जगाला शहाणं केलं.

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो, असं आपल्याकडे म्हणतात. ते सहसा जुळतच नाही, कारण प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूची पट्टी सांभाळतो. पुरळ मध्यरेषेपाशी थांबतं. कुणी गेरूचा लेप लावतं, कुणी झाडणाऱ्याकडे नेतं. पुरळ दोन ते चार आठवड्यांत आपोआपच बरं होतं, त्यामुळे श्रेय लेपाला जातं. खरा त्रास पुढे असतो. जखम भरली तरी त्या जागेची आग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं राहते, आणि वय जितकं जास्त तितकी तिची शक्यता जास्त. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर सगळ्यात चांगला उपयोग होतो. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर पुरळ आलं तर नजर जाऊ शकते. तिथे तर एक दिवसही थांबायचं नाही.

आता हे ७२ तास बीडमध्ये ठेवून बघा. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावात आणि तांड्यावर राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. कर्ती माणसं परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाला. थंडीचे महिने, म्हणजे न्यूमोनियाचे महिने, म्हातारी माणसं एकटी काढतात. "पोरगा आला की दाखवू" या वाक्यात ते तीन दिवस निघून जातात.

या नातवंडांची एक गोष्ट मात्र आजी-आजोबांच्या बाजूची आहे. घरात पोराला कांजिण्या झाल्या की मोठ्यांच्या जुन्या पेशींना विषाणूची उजळणी होते, असा होप-सिम्पसन यांचा अंदाज होता. ब्रिटनमधल्या २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात, घरातल्या मुलाला कांजिण्या झालेल्या मोठ्या माणसांमध्ये पुढची वीस वर्षं नागिणीचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसला. उजळणी थोडीफार उपयोगी पडते, पण नागीण तिनं टळेलच असं नाही.

उजळणी लशीनंही करता येते. नागिणीची नवी लस ५० वर्षांपुढच्यांना देतात, दोन डोस. मोठ्या चाचण्यांमध्ये तिनं पन्नाशीपुढच्यांत सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीपुढच्यांतही सुमारे ९० टक्के संरक्षण दिलं. सत्तरीतही ९० टक्के, हे कशानं जमलं? लशीत विषाणूच्या एका प्रथिनाबरोबर पेशींना जोरात जागं करणारा साहाय्यक घटक घातलेला आहे. म्हाताऱ्या पेशी बहिऱ्या झालेल्या नसतात, त्यांना थोडं मोठ्यानं हाक मारावी लागते. ही लस २०२३ पासून भारतात मिळते, पण महाग आहे, सरकारी मोफत लसीकरणात नाही, आणि ऊसतोड मजुराच्या आईच्या आवाक्यात तर नाहीच.

दुष्काळाची नोंद

शेवटचा धागा बीडला फार जवळचा. आफ्रिकेतल्या गांबिया देशातल्या तीन गावांत १९४९ पासून जन्म-मृत्यूच्या बारीक नोंदी ठेवल्या गेल्या. १९९७ मध्ये त्यांतून दिसलं, की उपासमारीच्या हंगामात जन्मलेली मुलं बालपण पार करून तरुण झाल्यावर, इतरांपेक्षा जास्त प्रमाणात, मुख्यतः संसर्गानं दगावत होती. त्याच भागात हंगामानुसार बाळांच्या थायमसचा आकारही लहानमोठा भरत असल्याचं पुढे आढळलं. बांगलादेशातल्या मतलब भागात असाच शोध घेतला, तिथे हा परिणाम दिसला नाही. म्हणजे हा काही अटळ नियम नव्हे.

पण बहात्तरच्या दुष्काळात पोटात असलेली बाळं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या आया खडी फोडत होत्या, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खात होत्या. त्यातली कितीतरी बाळं पुढे स्वतः कोयता घेऊन फडात गेली. या पिढीचं म्हातारपण आता सुरू होतंय. नागीण, न्यूमोनिया, दडलेल्या क्षयाचं पुन्हा उठणं हे सगळं तिच्या वाटेवर आहे.

म्हणून तुमच्या घरापुरतं एवढं ध्यानात ठेवा. म्हाताऱ्या माणसाच्या आजारात ताप चढेलच असं नसतं, कारण ताप चढवणारी यंत्रणाही मंदावलेली असते. जेवण एकाएकी तुटलं, बोलण्यात भ्रम आला, माणूस तोल जाऊन पडला, तर ताप नसला तरी संसर्गाची शंका घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. एका बाजूला पट्ट्यासारखं दुखून पुरळ उठलं तर तीन दिवसांचा हिशोब धरा. फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. कर्ती माणसं फडात असतील तर गावात आशाताईंचा किंवा एखाद्या शेजाऱ्याचा नंबर म्हाताऱ्यांच्या हाताशी असू द्या, मुकादमाच्या नंबराइतकाच जपून.